टंकसाळे सरांचा पाय

टंकसाळे सरांचा उजवा मोजा मी दोन बोटांच्या चिमटीत धरला, श्वास रोखला आणि ओढला. मोजा सहज निघेना. घामानं कातडीला चिकटला होता. निघाला तेव्हा भिजून कुजलेल्या गोणपाटासारखा वास दुकानभर पसरला.

"तो अंगठ्याच्या मागचा भाग बघ," सर म्हणाले. "शंभर किलोमीटर झाले की तिथं कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं होतं. दीडशेनंतर बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाही."

मी बघितलं. पाय पांढराफटक पडला होता, पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. करंगळीच्या बाजूला फुटलेला फोड, अंगठ्याचं नख काळंनिळं. सकाळीच चाळीस किलोमीटर मारून ते थेट दुकानात आले होते. मला त्या पायाला हात लावायचा नव्हता.

"हात लावून बघ ना," सर म्हणाले.

मी एका बोटानं लावल्यासारखं केलं आणि ते बोट पॅन्टला पुसलं.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची, साताऱ्यातली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. राधिका रोडवर माझं सायकलींचं दुकान होतं. साधं पंक्चरचं नव्हे, भारी सायकलींचं. पाटीवर इंग्रजी नाव होतं आणि माझं आडनाव कुठंच नव्हतं. गावातले डॉक्टर, वकील, प्राध्यापक तेव्हा नुकतेच सायकलीच्या नादाला लागले होते. पहाटे यवतेश्वरचा घाट चढायचा आणि येताना माझ्या दुकानात टेकून गप्पा मारायच्या, असा त्यांचा परिपाठ. त्या सगळ्यांना एकत्र आणलं होतं टंकसाळे सरांनी. सर गणिताचे क्लास घ्यायचे. निम्मा सातारा त्यांच्या हाताखालून गेला होता. ते सायकल क्लबचे अध्यक्ष, आणि ते सांगतील तिथं चाळीस माणसं जाणार. ते माझ्याकडं येत म्हणून बाकीचे येत.

सरांना एकच घोर लागला होता. सत्तावीस तासांत चारशे किलोमीटरची राइड पुरी करायची. दोनदा त्यांनी ती मध्येच सोडली होती. दम संपला म्हणून नव्हे, पायांची आग होते म्हणून. तिसरी येत्या शनिवारी होती आणि तो दिवस होता सोमवार.

"या वेळी नाही झालं तर मी सायकल विकून टाकणार," सर म्हणाले. "मुलांपुढं उभा राहून मी चिकाटीवर भाषणं देतो रे. कुठल्या तोंडानं देऊ?"

पाय जळायला कारण मीच होतो, हे मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. त्यांना क्लिपलेस पेडलं मीच बसवून दिली होती. नाव क्लिपलेस असलं तरी बूट त्यात अडकवावाच लागतो. बुटाच्या तळव्याला क्लीट नावाची एक पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन बसते. सुटायचं तर टाच बाहेरच्या अंगाला झटकायची. यात दोन जाती. शर्यतवाल्यांची पट्टी मोठी, तीन स्क्रूची, तळव्याच्या बाहेर आलेली, आणि बूट दगडासारखा कडक नि निमुळता. दुसरी छोटी, दोन स्क्रूची. ती रबरी तळव्याच्या खाचेत लपते, त्यामुळं त्या बुटानं माणसासारखं चालता येतं. सरांनी शर्यतवाल्यांचे फोटो पाहिले होते. त्यांना तेच पाहिजे होतं. मीही म्हणालो होतो, "सर, तुमच्या लेव्हलला हेच शोभतं." बूट घालून ते उभे राहिले तेव्हा त्यांची बोटं आत दाटली होती. ते मला दिसलं होतं. पण नीट बघायचं म्हणजे पाय हातात घ्यावा लागला असता.

पायांचा मला तिटकारा होता. माझे वडील चप्पल-बूट शिवायचे. एस.टी. स्टँडच्या भिंतीला त्यांची पेटी असायची. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. घरात कातड्याचा वास, खळीचा वास, लोकांच्या घामट बुटांचा वास. कातडं भिजत घालायची एक दगडी कुंडी दाराशीच होती. शाळेत मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरची पोरं नाक धरायची आणि म्हणायची, "आला, कुंडीतलं पाणी आलं." मी आय.टी.आय. केलं, पुण्यात सायकलच्या कारखान्यात राबलो आणि परत येऊन दुकान टाकलं ते एवढ्याचसाठी, की लोखंडाला वास नसतो. आणि मग ही क्लीटवाली पेडलं आली आणि लोक पुन्हा माझ्यासमोर बूट काढून बसायला लागले.

तर सरांचा पाय स्टुलावर होता आणि मी बुटाशी उगाच चाळा करत होतो, तेवढ्यात मागच्या दारानं आबा आले. आईनं त्यांच्याकडं माझा डबा दिला होता. ते कधीमधी यायचे, नेहमी मागच्या दारानं, डबा टायरांच्या रॅकवर ठेवून मुकाट जायचे. त्या दिवशी मात्र ते गेले नाहीत. सरांच्या पायाकडं बघत उभे राहिले. एखाद्या वैद्यानं रस्त्यात लंगडणारा माणूस बघावा तसे.

"जरा बूट बघू का?" ते म्हणाले.

सरांनी मान वळवली. मळका सदरा, काळी पडलेली नखं, डाव्या तळहाताला चामडं टोचायच्या आरीचे जुने वण. "हे कोण?"

मला आजही तो क्षण आठवतो. कुणी माझा गळा धरला नव्हता. विचार करायला हवा तेवढा वेळ होता.

"स्टँडजवळ बसतात," मी म्हणालो. "बूट-चप्पल दुरुस्ती. आपल्या सीटचं लेदर कधी उसवलं तर शिवून देतात."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग माझ्या हातातला बूट घेत म्हणाले, "व्हय मालक. द्या हिकडं."

मालक. माझ्या कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं. पण तेव्हा खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. म्हातारा शहाणा आहे, सांभाळून घेईल.

त्यांनी बुटात हात घातला, आतून चाचपला, उलटा केला. "साहेब, ह्यो कवा घेतला? सकाळी का सांजच्याला?"

"सकाळी. का बरं?"

"सकाळचा पाय येगळा आन् सांजचा येगळा. त्यात तुम्ही दिसभर पायंडल मारणार, पाय फुगणारच की. बूट सांजच्यालाच घ्यावा." त्यांनी रद्दीतला एक पेपर जमिनीवर अंथरला. "ह्यावर हुबं ऱ्हावा. अंगाचा भार टाका."

सर उभे राहिले. आबा उकिडवे बसले आणि माझ्या कानावरची पेन्सिल मागून त्यांनी पायाभोवती रेघ ओढली. मग त्या रेघेवर सरांचा बूट ठेवला. रेघ दोन्ही बाजूंनी बुटाच्या बाहेर आली होती. करंगळीच्या अंगाला तर बोटभर.

"अरे!" सर म्हणाले.

"बसा. पाय द्या." आबांनी हात पुढं केला. सरांनी पाय किंचित आखडला.

"हात स्वच्छ आहेत ना?"

आबांनी दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले आणि पाय मांडीवर घेतला. मी ज्याला एक बोट लावलं होतं तो पाय त्यांनी लहान लेकराचा धरावा तसा दोन्ही हातांत धरला. बोटं एकेक करून मोकळी केली. मग अंगठ्यानं तळव्यावर एका जागी दाबलं. सर ताडकन उडाले.

"हितंच जाळ हुतो ना?"

"हो, हो! तिथंच!"

"तुमचा तुकडा बराबर ह्याच हाडाखाली बसवलाय." आबांनी क्लीटवर नख वाजवलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मालक, ह्यो मागं घ्या. टाचेकडं. बोटांच्या बुडाला ठोकत बसतोय. पुढचा पट्टा सैल ऱ्हाऊ द्या. आन् साहेब, वाटंत उतरून चालावं लागतं का?"

"लागतं की. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी सही-शिक्का घ्यायला, चहाला, लघवीला."

"असल्या तळव्यानं?"

सर हसले. "बदकासारखा चालतो मी."

"मग ह्यो बूटच तुमचा न्हवं."

दुकानात दोन स्क्रूची पेडलं होती, रुंद पंजाचे लेसचे बूटही होते. मीच ते कधी दाखवले नव्हते. आता दाखवले. आबांनी तीन जोड बाजूला सारले, चौथा सरांच्या पायात घातला, बोटं हलवायला लावली. खिशातून मऊ चामड्याचा तुकडा काढून त्याची बदामाएवढी गादी कापली आणि बुटात चिकटवली, हाडाच्या जरा मागं. "हाडाखाली न्हाई लावायची," ते म्हणाले. "मागं लावली की हाड उचललं जातंय, नस मोकळी ऱ्हाती." मी क्लीट मागं घेऊन बसवली, पेडलची पकड ढिली केली. सरांनी रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले ते चेहरा उजळून.

"बाबा, कमाल केलीत," सर म्हणाले. आबांनी हात जोडले आणि मागच्या खोलीत गेले.

मागचं दार वाजलं. ते गेले असं मला वाटलं. सरांनी पुन्हा बूट-मोजा काढला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विलास, डेटॉल असेल का रे? माणूस गुणी आहे, पण ही माणसं दिवसभर काय काय हाताळतात. माझा फोड फुटलाय, म्हणून."

डेटॉल होतं. मी कापूस घेतला, सरांपुढं गुडघ्यावर बसलो आणि तो पाय हातात घेतला. या वेळी मला काहीच वाटलं नाही. वासही आला नाही. आबांची बोटं जिथं जिथं लागली होती तिथं तिथं मी पुसत गेलो. घोट्यापासून बोटांपर्यंत. सर अवघडले होते, त्यांना मोकळं वाटावं म्हणून मी हसून म्हणालो, "अख्खी बाटली ओतू का सर? कुंडीतल्या पाण्यातले हात आहेत ते. तीन आंघोळी केल्या तरी जायचं नाही."

सर खो खो हसले. मीही हसलो. हसता हसता मान वर केली तर आबा मागच्या खोलीच्या दारात उभे होते. कालचा रिकामा डबा न्यायला थांबले असावेत, डबा हातातच होता. किती वेळ उभे होते कोण जाणे. वळले आणि मागचं दार या वेळी अगदी हळू लावून गेले.

आठवडाभर आबा माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते कमीच बोलायचे, त्यामुळं आईच्या लक्षात आलं नाही. ते जेवायला बसले की मी हात धुऊन उठायचो. त्यांच्या हातांकडं बघवत नव्हतं.

रविवारी सकाळी साडेआठला सर चारशे किलोमीटर संपवून आले. अर्धा तास राखून. क्लबची सगळी मंडळी शेवटच्या टप्प्यावर जमली होती. हार, पेढे, फोटो. सर सायकलवरून उतरले आणि लंगडले नाहीत. सरळ माझ्याकडं आले आणि मला मिठीच मारली.

"पाय!" ते ओरडून म्हणाले. "पाय आहेत की नाहीत तेच विसरलो मी! हे श्रेय या विलासचं."

टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. सर रंगात आले होते. रात्रभराचं जागरण डोळ्यांत, आणि जिंकलेला माणूस. "खरं तर एक म्हातारा चांभार होता," ते सांगायला लागले. "यानं कुठून तरी पकडून आणलेला. त्यानं माझा पाय धरला, आणि हा विलास काय म्हणतो माहितीय? अख्खी बाटली ओतू का सर, कुंडीतल्या पाण्यातले..."

त्यांनी सगळं सांगितलं. माझ्याच शब्दांत, माझ्याच हेलात. चाळीस माणसं हसली. वाईट माणसं नव्हती ती. कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं तर रक्त द्यायला धावणारी. ती हसली, कारण विनोद चांगला होता, आणि तो मी केला होता.

तोंडातला पेढा फुगल्यासारखा झाला. गिळवेना. मी गर्दीतून बाहेर पडलो, पाण्याच्या टाकीमागं गेलो आणि थुंकलो. मला शाळेतली मागच्या बाकावरची पोरं आठवली. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना मी कुठंतरी मागं सोडून आलो. पण त्यांचं वाक्य मी जपून आणलं होतं, आणि वापरलं होतं कुणावर?

तोंड धुऊन मी परत आलो. सर अजून हसतच होते.

"सर," मी म्हणालो, "ते माझे वडील आहेत."

"कोण?"

"ते म्हातारे. गणपत सातपुते. माझे वडील."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. हार घातलेले सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा खरोखरच पडला. त्यांनी माझा दंड धरला.

"अरे, मग आधी सांगायचं ना," ते कळवळून म्हणाले. "मी डेटॉल मागितलंच नसतं."

त्यांना वाटलं, त्यांनी माफी मागितली. मी त्यांचा हात दंडावरून काढला. बाटली तर मी आणली होती.

संध्याकाळी स्टँडवर गेलो. आबा पेटी आवरत होते. मी त्यांच्यासमोर, गिऱ्हाईक बसतं त्या दगडावर बसलो. ते हत्यारं पुसत राहिले.

"पोहोचला का तुझा साहेब?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"पोहोचला. पाय दुखला नाही."

"मग झालं."

"आबा, मी सांगितलं त्यांना. सगळ्यांसमोर."

"कशापायी?"

आबांनी कातडं कापायची रापी फडक्यात गुंडाळली. "मला वळख दिली न्हाईस, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "दुकान चालवायचंय तुला. लोक कशी हायेत ते मला बी ठावं हाय. म्हणून तर मागल्या दारानं येत हुतो." मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं पसरले, तळवे वर करून, खरंच काही विचारायचं असल्यासारखे. "पर तू पुसत का हुतास, रं? काय लागलं हुतं माझ्या हाताला?"

एस.टी. लागत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. मी त्या हातांकडं बघत बसलो. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पेटी खांद्याला लावली, उठले आणि उठता उठता त्यांचा तोल गेला. उजवा पाय टेकेना. मी खाली बसून पाय धरला. चप्पल निसटली.

तेव्हा मी आबांचे पाय आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती. अंगठा आत वळलेला, त्याच्या मुळाशी लिंबाएवढी गाठ. टाचेच्या भेगांत काळं मेण भरलेलं. चपला दोन वेगवेगळ्या होत्या, डावी आठ नंबरची, उजवी सहाची. दुरुस्तीला टाकून लोक न्यायला परत आले नाहीत, त्यातल्याच.

"आबा, हे दुखत नव्हतं?"

"दुखतंय की."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"कुनाला?" ते म्हणाले आणि माझ्या हातातून पाय सोडवून घ्यायला लागले. "सोड. लोक बघत्यात."

मी सोडला नाही. पण त्यांनी ओढून घेतला.

त्यानंतर आबा सहा वर्षं होते. माझ्या दुकानात त्यांनी परत पाऊल टाकलं नाही, पुढच्या दारानं नाही आणि मागच्याही नाही. मी पाटी बदलली, 'सातपुते सायकल' केली, तरी नाही. पाय दुखणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला स्टँडवर घेऊन जायचो आणि आबांशेजारी उकिडवा बसून शिकायचो. जे यायला तयार नसत, त्यांना दुसरं दुकान बघा म्हणायचो. टंकसाळे सर एकदा शाल-श्रीफळ घेऊन गेले होते. आबांनी नारळ त्यांच्याच हातात परत दिला आणि म्हणाले, "पाय दुखत असंल तर बसा. ह्ये कशाला?"

सर बसले नाहीत.

पहिल्याच वर्षी मी आबांसाठी स्वतःच्या हातानं एक जोड शिवला. संध्याकाळी माप घेऊन, पंजाला ऐसपैस, गाठीच्या जागी मऊ कातडं लावून. चार महिने लागले. आबांनी टाका टाका तपासला, आतून हात फिरवला, मान डोलावली. चार दिवस घातले. पाचव्या दिवशी त्यांच्या पायांत पुन्हा त्याच दोन वेगळ्या चपला दिसल्या.

"चावतो का कुठं?" मी विचारलं.

"न्हाई रं. झ्याक झालाय," ते म्हणाले. "पर आता पाऊलच तसं झालंय."